शेरा : बाटली रिकामी

९ एप्रिल

प्राणिशास्त्र विभागाच्या फ्रीजमध्ये आज जेवणाचा डबा सापडला. साधासुधा नाही, तीन पुडांचा, वरच्या पुडात ताक आणि त्यावर कोथिंबीर. मी अँटिबॉडीच्या कुप्या ज्या कप्प्यात ठेवते तिथून त्यांना कोपऱ्यात सारून हा डबा मधोमध बसला होता, मांडवात नवरदेवाचा मामा बसतो तसा. फ्रीजच्या दारावर ‘खाद्यपदार्थ ठेवू नयेत’ ही माझ्या अक्षरातली सूचना आहे. तिच्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं आहे : ‘ताक पितात.’

मनुष्यजातीवर आजवर झालेल्या अन्यायांत याचा क्रम कितवा, ते इतिहासाने ठरवावं. मी फक्त निषेध नोंदवून ठेवते.

डबा भगवानरावांचा. भगवानराव म्हणजे आमच्या कॉलेजचे कार्यालय अधीक्षक आणि खरेदी पडताळणी समितीचे अध्यक्ष. खडूपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत आलेली प्रत्येक वस्तू ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात, तेव्हाच ती रजिस्टरात चढते. गेल्या वर्षी बेडकाचा सांगाडा आला तर हाडं मोजायला बसले होते.

मी डबा त्यांच्या टेबलावर नेऊन आपटला. ते शांत. “मॅडम, दारव्ह्याचं ऊन पाहून राह्यले न तुमी? ताक आंबते. तुमच्या प्रोटीनचं काय, ते तं बोलत नाही.”

बोलत नाही हे खरं. अजून आलेलंही नाही, नुसतं मागवलं आहे. पेप्सिनोजेन नावाचं हे प्रथिन माणसाच्या पोटाच्या अस्तरात तयार होतं आणि त्यातलं थोडं रक्तात उतरतं. अस्तर झिजलं की रक्तातलं प्रमाणही घटतं. आम्ही मागवलंय ते कारखान्यात तयार झालेलं : माणसाचं जनुक भलत्याच पेशीत घालून तिच्याकडून बनवून घेतलेलं. म्हणजे माणसाच्या पोटातलं, पण कुठल्याही माणसाच्या पोटात कधी न राहिलेलं. त्याचा उपयोग एकच, माप म्हणून. काट्याला वजनं नसतील तर कापूस कितीही चढवा, काटा नुसता हलतो.

अंजूचा सगळा प्रबंध या मापावर अडून आहे. अंजू माझी संशोधक विद्यार्थिनी, दारव्ह्याजवळच्या तांड्यातली. वर्षभर तांड्यातांड्यांत आणि गावांत फिरून तिने लोकांचं रक्त गोळा केलं. सुरुवातीला कोणी हात पुढे करेना. तेव्हा तिचा बाप प्रेमसिंग सर्वांदेखत बाही वर करून बसला. पहिली नळी त्याची. त्याच्यामागे तांडा आला.

१७ एप्रिल

माप आलं. पण दारव्ह्यापर्यंत नाही. कुरिअरवाल्याचा यवतमाळहून फोन : थंड पार्सल आहे, आमच्याकडे फ्रीज नाही, आज न्या नाहीतर परत पाठवतो. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

प्रेमसिंगची काळीपिवळी दारव्हा-यवतमाळ चालते. परत येताना त्याने समोरच्या सीटवरचे तिघं उठवून मागे कोंबले आणि थर्माकोलचा डबा तिथे ठेवला. त्याच्या शेजारी मी.

मागून कोणीतरी ओरडलं, “प्रेमसिंगभाऊ, डब्याचंही तिकीट घेता का?”

“त्यात माणसाचं पोट आहे. तुयाहून बरं आहे, गप बसते.”

लाडखेडजवळ त्याने गाडी थांबवली. खांद्यावरचा चौकटीचा दुपट्टा काढला, हापशीवर भिजवला, पिळला आणि डब्याभोवती लहान लेकराला गुंडाळावं तसा गुंडाळला. मग बाटलीतून ताक प्यायला. मी माझ्या जेवणाच्या डब्यातली पोळीभाजी पुढे केली तर म्हणाला, “नाई मॅडम, आजकाल ताकावरच आहो. पोळी खाल्ली का इथं दगड बसते.” इथं म्हणजे छातीच्या खाली, बोट ठेवून दाखवलं.

मी म्हटलं, “बारीक व्हायचंय वाटतं. लालीबाईला सांगा, दुसरं लग्न करायला निघाले.”

खूप हसला. मग म्हणाला, “ते मोजून सांगसान न मले? माहा किती आहे ते?”

“सगळ्यांत आधी तुमचंच. पण तो दवाखान्याचा रिपोर्ट नव्हे हं, अभ्यासाचा आहे.”

“पोरगी सांगन तो रिपोर्ट,” तो म्हणाला. भाडं घेतलं नाही. आणि दुपट्टा डब्यासकट माझ्याकडेच राहिला.

१८ एप्रिल

कुपी नखाएवढी. अंजूने उजेडाकडे धरली. “मॅडम, काहीच दिसत नाही.”

दिसत नाहीच. मिठाच्या एका कणाचे शेकडो वाटे केले तर त्यातल्या एका वाट्याएवढं ते प्रथिन, वाळवून काचेला चिकटवलेलं. झाकण उघडण्याआधी कुपी यंत्रात गरगर फिरवायची, म्हणजे जे काही आहे ते तळाशी बसतं. मग मोजून थेंबभर द्रावण. सगळं एकदाच. पाठ केलं आहे तिने.

विद्यापीठाच्या परीक्षा सुरू आहेत आणि दोघींच्याही पर्यवेक्षणाच्या पाळ्या लागल्या आहेत. पुढच्या आठवड्यात मोजू. घाई नाही. अंजूला मात्र आहे. “उद्याच करू न मॅडम, बा विचारतात रोज.” बापांना हल्ली लेकींच्या प्रबंधात फार रस. माझ्या बापाला शेवटपर्यंत वाटत होतं, मी गुरांची डॉक्टर आहे.

दुपट्टा वाळवायला खिडकीत टाकलाय.

२२ एप्रिल

हे नीट लिहायला हवं. नंतर माझाच विश्वास बसणार नाही.

दुपारी मी परीक्षेच्या हॉलमध्ये, कॉपी करणाऱ्यांचे खिसे तपासत. तेवढ्यात भगवानरावांनी शिपाई पाठवून कुपी मागवून घेतली. पार्सल समितीसमोर न येताच विभागात गेलं हा नियमभंग, तो दुरुस्त करायचा म्हणून. अंजू मागोमाग धावत गेली. पुढचं तिच्या तोंडून :

“मी म्हटलं सर, उघडू नका. तर म्हणाले, मुली, पैसा सरकारी आहे, पाहिल्याशिवाय कशी चढवू? उघडली. आत काही नाही. उलटी केली, टेबलावर ठोकली. समितीतल्या जीवन सरांना दाखवली, त्यांनीही पाहिली. म्हणाले, चिकटलं असेल, पाणी टाकून पाहा. मग कॅनमधलं पाणी टाकलं. हलवलं. काही रंग नाही आला, फेस नाही आला. म्हणाले, रिकामीच धाडली कंपनीने. आणि ओतून दिलं.”

“कुठे?”

“खिडकीतल्या मनीप्लँटमध्ये.”

आमच्या कार्यालयातल्या मनीप्लँटचं पोट सध्या अख्ख्या महाराष्ट्रात सर्वांत निरोगी असणार.

रजिस्टरात लाल शाईने शेरा मारला आहे : ‘बाटली रिकामी प्राप्त.’ खाली समितीच्या तिघांच्या सह्या.

अंजू रडली नाही. तिने एवढंच विचारलं, “मॅडम, मग आता बाला काय सांगू?” मी म्हटलं, सांग की तुमचं पोट ऑफिसात सांडलं. ती हसली नाही. विनोद बरा होता.

२३ एप्रिल

भगवानरावांशी भांडायला गेले. तयारी करून गेले होते, वाक्यांना धार लावून.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खरोखर गोंधळलेल्या चेहऱ्याने म्हणाले, “मॅडम, दिसलं असतं तं मी हात लावला असता काय?”

वाक्यं तशीच परत आणली.

२ मे

व्यवस्था किती सुंदर असते ते आज कळलं. बाटली रिकामी आली म्हणून कॉलेज बिल देत नाही. पैसे आले नाहीत म्हणून कंपनी दुसरी कुपी देत नाही. शेरा बदलायचा तर तिघांची बैठक हवी, आणि जीवन सर सुट्टीत नाशिकला गेलेत. मी म्हटलं, माझ्या पगारातून घेते. कंपनीची मुलगी फोनवर गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, आम्ही व्यक्तींना विकत नाही. संस्थेचं पत्र लागेल.” पत्रावर सही कोणाची? भगवानरावांची. ते म्हणतात, “आधीची रिकामी आली त्याच कंपनीले पुन्हा ऑर्डर देऊ? ऑडिटवाले मले फाडून खातील.”

माणूस खोटा नाही, हीच तर पंचाईत. खोट्या माणसाला निदान दटावता येतं.

फ्रीजमध्ये आज आंबे आहेत. कुप्या मीच सरकवून ठेवल्या.

११ मे

पुतणीच्या साखरपुड्याला यवतमाळला गेले. प्रेमसिंगचीच काळीपिवळी मिळाली. त्याला आधी ओळखलंच नाही. पँट कमरेशी दोरीने चुण्या पाडून बांधलेली, गालात खळगे. मी म्हटलं, “प्रेमसिंगभाऊ, पट्टा विकला की काय?”

“पट्ट्यात भोकं नाही उरले, मॅडम.”

अर्ध्या वाटेत गाडी कडेला घेऊन तो उतरला, बाभळीआड गेला. बराच वेळ. मागचे प्रवासी कुरकुरले. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं, मिशीला पाणी. “गरमी होऊन राह्यली,” म्हणाला. मीही मान हलवली. गरमी होतीच.

मग तोच प्रश्न : “रिपोर्ट कव्हा येते?”

“लवकरच.”

“अंजू बी तेच म्हणते.”

या लोकांना वाटतं, विज्ञान म्हणजे पिठाची गिरणी, दाणे टाकले की लगेच पीठ. मी जरा तुटकपणे म्हटलं, मशीनचं माप हरवलंय, मिळालं की सांगू. तो म्हणाला, “मंग थांबतो मी. घाई नाही.”

असा समजूतदार माणूस विरळा.

१९ मे

अंजू चार-पाच दिवस नाही. फोन बंद. अपयशाने मुलं खचतात, पण निदान कळवावं. माझ्या वेळी आम्ही अपयशाची पूर्वसूचना देत असू.

२७ मे

आज तांड्यावर गेले. ओरडायलाच गेले होते. ओरडायचं सगळं गाडीत ठरवलं होतं.

अंजू दारात भांडी घासत होती. मला बघून उठली, हात राखेने माखलेले. आत खाटेवर प्रेमसिंग. खाटेवर म्हणावं इतकाही तो खाटेवर दिसत नव्हता. गोधडीखाली कोणी आहे हे सांगावं लागलं असतं.

लालीबाई, त्याची बायको, पाणी घेऊन आली. मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलं?

“दाखोलं न. होळीच्या आधीच दाखोलं. डॉक्टर म्हणे नळी टाकून कॅमेऱ्यानं पोट पाहा लागते. हे म्हणते, कायले? माही पोरगी मशीनवर मोजून राह्यली, ते सांगन तं जाईन. दुसऱ्याच्या सांगण्यावरून नाही जात.” तिने आवाज खाली आणला. “आता पाणी बी वापस येते, मॅडम. आन् संडास डांबरासारकी काळी. मी म्हणते चला, तं म्हणते मॅडमनं थांबा म्हणलं.”

मी थांबा म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं होतं, लवकरच.

अंजू भिंतीकडे तोंड करून उभी होती. “मी रोज सांगते मॅडम, बा, हा तसला रिपोर्ट नाही. तर म्हणतात, तुझ्यावर तांड्याने भरवसा ठेवला, मी पहिला हात दिला, आता तुझ्या मशीनआधी दुसऱ्याकडे गेलो तर लोक काय म्हणतील? म्हणतील, बापालाच भरवसा नाही.”

पंधरा वर्षं वर्गात शिकवलेलं सगळं मी तिथे आठवून पाहिलं. यावर काही नव्हतं.

पाणी प्यायले आणि आले. आल्यावर फ्रीजचं दार उघडून उभी राहिले, उगाच. त्याच्या रक्ताची नळी तिथेच आहे, वरच्या बर्फाच्या कप्प्यात. त्यात आकडा आहे. काढता येत नाही.

२८ मे

सकाळी पुन्हा गेले. वाटेत ठरवलं.

खाटेजवळ बसले. म्हटलं, “प्रेमसिंगभाऊ, रिपोर्ट आला.”

त्याने डोळे उघडले. अंजूच्या हातातली परात थांबली.

“किती निंगाला?”

आकडा मी ठरवून नेला नव्हता. भगवानरावांच्या शेऱ्याची लाल शाई डोळ्यांपुढून गेली. “कमी,” मी म्हटलं. “कमी निघाला की कॅमेऱ्याची तपासणी करावीच लागते.”

त्याने माझ्यावर विश्वास टाकला नाही. मान वळवून लेकीकडे पाहिलं. “अंजू, मॅडम म्हणते ते खरं हाय?”

मी तिच्याकडे बघू शकले नाही. परातीतून काहीतरी खाली पडलं, चमचा असावा.

“हाव, बा.”

“मंग चला न,” प्रेमसिंग म्हणाला आणि खाटेवरून पाय खाली सोडले. “लाली, माहा सदरा दे.”

इतकंच. एवढ्यावर उठला. हेच होळीला कोणी म्हटलं असतं, तर.

३१ मे

यवतमाळला तपासणी झाली. डॉक्टर तरुण, दमलेले. त्यांनी अंजूला आणि मला आत बोलावलं. पडद्यावर गुलाबी भिंत आणि तिच्या खालच्या तोंडाशी एक खडबडीत, सुजलेलं काहीतरी, दार अडवून बसलेलं. त्यामुळे पोळी पुढे जात नव्हती, दगड बसायचा. तुकडा तपासणीला पाठवतील, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. नागपूरला जावं लागेल.

“थोडं आधी यायला हवं होतं,” ते म्हणाले. रोज कितीदा म्हणत असतील, वाक्य गुळगुळीत झालं होतं.

अंजूने विचारलं, “सर, रक्तातलं पेप्सिनोजेन मोजलं असतं तर हे आधी कळलं असतं का?”

ते जरा चकित होऊन म्हणाले, “ते अंदाजापुरतं असतं. लक्षणं तर होती ना? लक्षणांवरूनच पाठवतात.”

होती. मी काळीपिवळीत शेजारी बसून त्यांच्यावर विनोद केले होते.

बाहेर बाकावर प्रेमसिंगने लेकीला विचारलं, “तुयी मशीन बरोबर निंगाली?”

“हाव बा. बरोबर निघाली.”

त्याने शेजारच्या अनोळखी पेशंटला सांगितलं, “माही पोरगी. तिनं आधीच सांगतलं होतं.”

५ जून

भगवानराव विभागात आले. हातात पत्र, सही-शिक्क्यासकट. कुठून तरी कळलं असणार. दारव्ह्यात कळायला वेळ लागत नाही. “मॅडम, ऑर्डर देऊन टाका. ऑडिटचं मी पाहून घेतो.” थोडं थांबून, “शेऱ्यावर रेघ मारली आहे. खाली लिहिलं, पदार्थ सूक्ष्म असल्याने दिसून आला नाही.”

मी थँक्यू म्हटलं. तरी ते जाईनात. मग फ्रीज उघडून आपला डबा काढला आणि घेऊन गेले. मी म्हणणार होते, राहू द्या.

कुपी महिन्याभरात येईल. येताना तिला समोरची सीट कोण देणार, ठाऊक नाही.

अंजू म्हणते, आल्यावर पहिली नळी बाचीच मोजायची. मी विचारलं, कशासाठी? म्हणाली, “प्रबंधात तो आकडा लागेल, मॅडम. आपण सांगितलेला चालणार नाही.”

७ जून

आज त्याला नागपूरला नेलं. गाडी त्याचीच, चालवायला त्याचा मुलगा ओम. प्रेमसिंगला समोरच्या सीटवर बसवलं, एकट्याला, उशी लावून. आयुष्यात पहिल्यांदा या बाजूला बसलो, म्हणाला, इथून रस्ता येगळाच दिसते. मी, अंजू आणि लालीबाई मागे, आडव्या फळ्यांवर.

निघण्याआधी मी विभागात जाऊन आले होते. एप्रिलपासून त्याचा दुपट्टा तिथेच होता. मधल्या काळात मी तो यंत्रावर धूळ बसू नये म्हणून घातला होता, आणि एकदा, मला वाटतं, सांडलेला चहा पुसला होता. आज कॉलेजच्या नळावर धुतला, पिळला. गाडीच्या खिडकीतून हात घालून त्याच्या मानेभोवती, खांद्यांवर नीट गुंडाळला.

“हा तं माहा होय,” तो म्हणाला. “तुमच्याकडं कव्हा गेलता?”

“राहून गेला होता.”

त्याने डोळे मिटले. ओमने गाडी काढली.

लाडखेडपर्यंत दुपट्टा कोरडा झाला. मी ओमला थांबायला सांगितलं. हापशीवर जाऊन तो पुन्हा भिजवून आणला.